अधिक-उणे पाच

दरवर्षी एप्रिलच्या मध्यावर हवामान खातं एक आकडा जाहीर करतं. खात्याचं मुख्यालय दिल्लीत, लोदी रोडवरच्या मौसम भवनात. पण त्या आकड्याकडे डोळे लागलेले असतात ते अर्थ मंत्रालयापासून परभणीतल्या कृषी सेवा केंद्रापर्यंत सगळ्यांचे. ११ एप्रिल २०२३ रोजी तो आकडा होता ९६. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशभर मिळून दीर्घकालीन सरासरीच्या ९६ टक्के पाऊस पडेल, असा त्याचा अर्थ. ही सरासरी १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची, ८७ सेंटिमीटर. मूळ पत्रकात ९६ च्या सोबत ±५ असं लिहिलेलं होतं. मथळ्यात जागा नसते म्हणून म्हणा, की ते चिन्ह वाचायचं कसं हे लिहिणाऱ्यालाही नीट ठाऊक नसतं म्हणून म्हणा, अशा बातम्यांतून ते अधिक-उणे हमखास गळतं. हे प्रकरण त्या गळालेल्या भागाविषयी आहे.

मागच्या प्रकरणात आपण ठिपक्यांच्या गर्दीतून रेषा काढायला शिकलो. आडव्या अक्षावर प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्याचं तापमान आणि उभ्या अक्षावर त्या वर्षीचा पाऊस मांडला, की प्रत्येक वर्षाचा एक ठिपका पडतो. महासागर तापला, म्हणजेच एल निन्यो आला, की आपला पाऊस बहुधा घटतो. त्यामुळे रेषा डावीकडून उजवीकडे उतरत जाते. या रेषेला दोन प्रश्न विचारता येतात. एक, महासागर एवढा तापलेली सगळी वर्षं गोळा केली तर त्यांचा सरासरी पाऊस किती? दोन, या एका वर्षी किती पडेल? रेषेवरून दोन्हींचं उत्तर एकच येतं, समजा ९६. पण त्या ९६ वर किती विसंबायचं, याचं उत्तर मात्र दोन्ही वेळा अगदी वेगळं असतं.

आकडे घालून पाहू. पन्नास वर्षांच्या नोंदी आहेत आणि ठिपके रेषेच्या वर-खाली साधारण ८ टक्क्यांनी विखुरलेले आहेत असं धरा. पहिल्या प्रश्नात शंका फक्त रेषेच्या जागेची. ती काढायला विखुरणं नोंदींच्या वर्गमुळानं भागायचं: पन्नासाचं वर्गमूळ सातच्या जरा वर, म्हणजे शंका साधारण १.१ टक्क्याची. दुसऱ्या प्रश्नात रेषेची ही शंका आहेच, शिवाय येणारा ठिपका रेषेवर पडण्याचं काही बंधन नाही. तोही इतरांसारखाच वर-खाली विखुरणार. दोन्ही शंकांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं तर ८.१ येतं. पन्नासाऐवजी पाचशे वर्षांच्या नोंदी मिळवल्या तरी ते ८ च्या खाली उतरत नाही. जास्त माहितीनं रेषा पक्की होते, पाऊस पक्का होत नाही. शेतकऱ्याला, धरणावरच्या अभियंत्याला आणि अर्थमंत्र्यांना दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर हवं असतं. त्यांच्या हाती पहिल्याची रुंदी दिली, तर अंदाज आहे त्याच्या सातपट खात्रीचा वाटतो.

या रुंदीत आणखी एक तुकडा असतो. आडव्या अक्षाच्या मध्याजवळ, जिथे पुष्कळ वर्षं जमा झालेली असतात तिथे, रेषा घट्ट धरलेली असते. टोकांना ती हलते. महासागर पूर्वी फारसा कधी तापला नव्हता इतका तापला, तर रेषेला आधार देणारे ठिपके तिथे एक-दोनच असतात आणि अंदाजाचा पट्टा कर्ण्यासारखा फाकत जातो. १९९७ साली हेच झालं. विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदार एल निन्योंपैकी तो एक. रेषेच्या हिशेबानं दुष्काळ ठरलेला. पाऊस पडला १०२ टक्के. हिंदी महासागराच्या पूर्व आणि पश्चिम बाजूंच्या तापमानातला फरक त्या वर्षी मान्सूनच्या मदतीला आला, हे पुढे उलगडलं. तोवर समीकरणात तो घटकच नव्हता.

आता थोडा इतिहास, कारण या देशात रिग्रेशनची, म्हणजे ठिपक्यांतून रेषा काढण्याच्या याच पद्धतीची, खरी परीक्षा पावसानंच घेतली आहे. गिल्बर्ट वॉकर १९०४ मध्ये हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुख झाले. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८८९ साली पहिले आलेले, बूमरँग फेकण्याचा छंद असलेले हे गृहस्थ हवामानशास्त्रज्ञ मुळीच नव्हते. खात्याचं मुख्यालय तेव्हा शिमल्याला होतं. ते १९२८ मध्ये पुण्याला आलं (शिवाजीनगरच्या त्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या इमारतीला जुने पुणेकर अजून शिमला ऑफिस म्हणतात) आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेलं. वॉकरनी कारकुनांना हाताशी धरून जगभरच्या नोंदींचा परस्परसंबंध तपासायला घेतला आणि १९०९ मध्ये रिग्रेशनच्या समीकरणावरून मान्सूनचा अंदाज दिला. हिमालयातला बर्फ, मॉरिशसचा हवेचा दाब, दक्षिण अमेरिकेतला दाब आणि झांझिबारचा पाऊस हे त्यातले घटक. पॅसिफिकच्या एका बाजूला दाब चढला की दुसऱ्या बाजूला उतरतो, हे दक्षिणी आंदोलनही याच खटाटोपातून हाती लागलं.

पण मला वॉकरचं सगळ्यांत मोलाचं काम वाटतं ते १९१४ चं. त्यांनी स्वतःच्याच पद्धतीवर शंका घेतली. शंभर ठिकाणचे दाब आणि तापमानं पावसाशी ताडून पाहिली, तर निव्वळ योगायोगानं त्यातली दोन-चार झकास जुळणारच. मग फक्त तीच निवडून समीकरणात घातली, तर संबंध आहे त्यापेक्षा घट्ट दिसतो. म्हणून जितकी जास्त स्थळं तपासाल तितकी निवडीची कसोटी कडक हवी, असं सांगून त्यांनी ती कशी लावायची याचं गणितही दिलं. आज संगणकावर हजारो घटक चाळणारी मंडळी हाच धडा नव्यानं शिकत असतात.

१९८७ चा दुष्काळ अनेकांना आठवत असेल. पाऊस १९ टक्क्यांनी तुटला होता. त्या वेळी दिल्लीत केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव होते डॉ. वसंत गोवारीकर. पुण्यात जन्मलेले, रॉकेटच्या घन इंधनाचे तज्ज्ञ, त्रिवेंद्रमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे माजी संचालक. हवामानाशी त्यांचा पूर्वी काही संबंध नव्हता, पण या दुष्काळानंतर त्यांनी हवामान खात्यातल्या शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन मान्सूनचं नवं समीकरण उभं केलं. १९८८ पासून अंदाज त्यावरून निघू लागले. त्यात सोळा घटक होते. एल निन्यो, हिमालय आणि युरेशियातलं बर्फाचं आच्छादन, ऑस्ट्रेलियातल्या डार्विनचा दाब, उत्तर भारतातलं मार्चचं तापमान, वरच्या थरातले वारे, अगदी अर्जेंटिनाचा दाबही. लोकांना गंमत वाटे ती या अर्जेंटिनाची, पण तो मुद्दा चेष्टेचा नव्हता; वॉकरपासूनच दक्षिण अमेरिका या हिशेबात होती.

हे सरळ रेषेचं समीकरण नव्हतं, घातांचं होतं. प्रत्येक घटकाला एक गुणक आणि एक घात. सोळा घटकांचे मिळून ठरवायचे आकडे बत्तीस. आणि ते ठरवायला हाताशी पावसाची वर्षं किती? तीन-चार दशकांहून जास्त नव्हती. बर्फाचं आच्छादन उपग्रहाशिवाय मोजता येत नाही, वरच्या थरातले वारे फुग्यांशिवाय कळत नाहीत. त्यामुळे शंभर वर्षांचा पाऊस मोजलेला असला तरी त्याच्या जोडीला सोळाही घटकांच्या नोंदी तेवढ्या मागे जाणं शक्यच नव्हतं.

शिंपी ज्याच्या अंगावरून माप घेतो त्याला झब्बा बेतीव बसतो. तोच झब्बा धाकट्या भावाला होईल याची हमी नसते. सोळा ठिकाणी माप घेतलेलं समीकरण जुन्या वर्षांना असंच बेतीव बसलं. त्याची चूक सांगितली जायची ±४ टक्के. जुन्या वर्षांना बसवताना उरलेली चूक पुढच्या वर्षांना लावली, तर किती फसगत होते ते एका साध्या हिशेबानं कळतं. समजा ३५ वर्षं आहेत आणि सोळा घटकांचं साधं सरळ रिग्रेशन आहे. स्थिरांक धरून सतरा आकडे ठरवायचे. ३५ पैकी १७ वर्षांचं बळ त्यातच खर्ची पडतं, त्यामुळे जुन्या वर्षांतली चूक खऱ्या विखुरण्याच्या जेमतेम ७२ टक्के दिसते. नव्या वर्षात उलटं होतं: हे सतराही आकडे थोडे थोडे चुकलेले असतात आणि त्यांच्या चुका विखुरण्यात मिसळून ते २२ टक्क्यांनी वाढवतात. म्हणजे कागदावर ±४ असलेली चूक प्रत्यक्षात ±७ च्या घरात जाते. यात घात धरलेले नाहीत, आणि शेकडो उमेदवारांतून हे सोळाच निवडले याची वॉकरनी सांगितलेली किंमतही धरलेली नाही.

नशीब असं, की १९८८ नंतर २००१ पर्यंत देशव्यापी दुष्काळाचं एकही वर्ष आलं नाही. अंदाज दर वर्षी 'सर्वसाधारण' असायचा, पाऊसही तसाच पडायचा, आणि समीकरणाची ख्याती वाढत गेली. त्या काळात डोळे मिटून 'सर्वसाधारण' म्हणणाराही बरोबरच ठरला असता, हे कोणाला म्हणावंसं वाटलं नाही. मग २००२ आलं. अंदाज १०१ टक्के. जून ठीक गेला. जुलैमध्ये, ज्या महिन्यात पेरणी उभी राहायची, देशात निम्मासुद्धा पाऊस पडला नाही. तूट ५१ टक्के. दिल्लीत मान्सून पोहोचला १९ जुलैला. हंगाम संपला तेव्हा पाऊस होता ८१ टक्के. ±४ च्या भाषेत बोलायचं तर चूक पाच पट झाली होती.

त्याच वर्षी डेलसोल आणि जगदीश शुक्ल या दोन शास्त्रज्ञांचा निबंध आला. बलियाच्या खेड्यातून अमेरिकेत गेलेले शुक्ल मान्सूनचे जाणते अभ्यासक. जुन्या वर्षांवर उत्तम बसणारं, पुष्कळ घटकांचं समीकरण नव्या वर्षांत दोन-तीन घटकांच्या साध्या समीकरणापुढे टिकत नाही, हे त्यांनी दाखवलं. २००३ मध्ये सोळा घटकांचं समीकरण बाजूला ठेवून आठ आणि दहा घटकांची नवी समीकरणं आली. २००४ मध्ये त्यांचा अंदाज १०० होता. पाऊस ८७ पडला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या, मूळ पुण्याच्या सुलोचना गाडगीळ यांनी सहकाऱ्यांबरोबर २००५ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये या सलग फसण्याची चिकित्सा केली आणि अनेक दशकांत अंदाजांची गुणवत्ता फारशी सुधारलेलीच नाही, हे आकड्यांनिशी मांडलं. सरकारी खात्याचा अंदाज फसल्यावर टीका सगळेच करतात. त्यांनी मागच्या सगळ्या अंदाजांची वही उघडून बसायचे कष्ट घेतले, हा फरक.

२००७ मध्ये आलेली पद्धत मला शहाणपणाची वाटते. मोजके घटक घ्यायचे, एप्रिलसाठी पाच आणि जूनसाठी सहा. पाच घटकांतून एक-एक, दोन-दोन असे निवडत गेलं तर ३१ वेगवेगळी समीकरणं होतात; सहातून ६३. ती सगळी बनवायची आणि न पाहिलेल्या वर्षांवर जी बरी चालतात अशा थोडक्यांची सरासरी घ्यायची. शिवाय समीकरण बसवायला शेवटची २३ वर्षंच वापरायची आणि दरवर्षी खिडकी एकेक वर्षानं पुढे सरकवायची. कारण संबंधसुद्धा कायमचे नसतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या के. कृष्णकुमार आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्येच दाखवलं होतं, की एल निन्यो आणि आपला पाऊस यांचं नातं अलीकडच्या दशकांत सैल पडलं आहे. ही तिसरी शंका कुठल्याही ± मध्ये मावत नाही. रेषा कुठे आहे याची शंका मोजता येते, ठिपका रेषेपासून किती लांब पडेल याचीही मोजता येते. ही रेषा उद्या लागू असेल का, याची मोजता येत नाही.

आता ±५ कडे येऊ. एप्रिलच्या अंदाजाला खातं ±५ लावतं, नंतरच्या सुधारित अंदाजाला ±४. खरा पट्टा किती, हे आपण घरच्या घरी तपासू शकतो. पाढे आणि वर्गमूळ एवढंच लागतं. २०१४ ते २०२३ ही दहा वर्षं घ्या. एप्रिलचा अंदाज आणि पडलेला पाऊस असे जोडीनं वाचा: ९५ आणि ८८, ९३ आणि ८६, १०६ आणि ९७, ९६ आणि ९५, ९७ आणि ९१, ९६ आणि ११०, १०० आणि १०९, ९८ आणि ९९, ९९ आणि १०६, ९६ आणि ९४. पाच टक्क्यांच्या आत किती वर्षं बसली? २०१७, २०२१ आणि २०२३, अशी तीन. ± चा नेहमीचा अर्थ धरला तर दहातली सात बसायला हवी होती. चुकांचे वर्ग करा, सरासरी काढा, वर्गमूळ घ्या: ७.४.

मग दुसरी तपासणी. समजा एखाद्यानं काहीच न पाहता दरवर्षी '१०० टक्के' एवढंच सांगितलं असतं, तर? त्याची चूक याच रीतीनं ८.४ येते. शंभर वर्षांचं शास्त्र आणि 'नेहमीसारखाच पडेल' म्हणणारा माणूस यांच्यात या दहा वर्षांत एका टक्क्याचा फरक आहे. दहा वर्षं म्हणजे दहाच ठिपके; ७.४ हा आकडासुद्धा पक्का नाही आणि सहज सहा किंवा नऊ असू शकतो. शिवाय २०२१ पासून खातं जगातल्या वेगवेगळ्या संगणकीय प्रारूपांची एकत्र सरासरी घेतं, म्हणजे दहातली शेवटची तीन वर्षं वेगळ्या पद्धतीची आहेत. तरीही ±५ बद्दल शंका घ्यायला एवढं पुरेसं आहे.

सगळ्यांत मौज पुढे आहे. खात्याच्या त्याच पत्रकात ±५ च्या जोडीला एक तक्ता असतो आणि तो फारसं कोणी वाचत नाही. पावसाचे पाच गट आणि प्रत्येकाची शक्यता. एप्रिल २०२३ चा तक्ता असा होता: ९० च्या खाली २२ टक्के, ९० ते ९५ मध्ये २९, ९६ ते १०४ मध्ये ३५, १०५ ते ११० मध्ये ११ आणि ११० च्या वर ३. यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गटांची बेरीज करा. ९० ते १०४ हा जवळजवळ पंधरा टक्के रुंदीचा पट्टा, आणि त्यात पाऊस पडण्याची शक्यता २९ अधिक ३५, म्हणजे ६४. ९६ ±५ म्हणजे ९१ ते १०१. हा अरुंद पट्टा त्या रुंद पट्ट्याच्या पोटात आहे. तेव्हा त्यात पाऊस पडण्याची शक्यता ६४ हून कमीच असणार. किती कमी, तेही निघतं. २२ टक्के शक्यता ९० च्या खाली आणि ३ टक्के ११० च्या वर असायला वितरणाचं विखुरणं, म्हणजे प्रमाण विचलन, आठच्या जरा खाली लागतं, आणि मग ±५ मध्ये पाऊस येण्याची शक्यता उरते निम्मी.

म्हणजे एकाच पत्रकात दोन रुंद्या आहेत. मोठ्या अक्षरातली पाच, तक्त्यात दडलेली आठच्या जवळची. दहा वर्षांच्या अनुभवाशी जुळते ती तक्त्यातली. खात्यातल्या शास्त्रज्ञांना आपल्या अंदाजाची खरी अनिश्चितता ठाऊक आहे. त्यांनी ती छापलीसुद्धा आहे. वाचली नाही ती आपण.

आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. पंचांगात मृगाचं वाहन बेडूक की म्हैस हेही दिलेलं असतं. या भाकितांची टिंगल करायचा माझा विचार नाही. पण त्यांत चुकीची रुंदी कधीच नसते, त्यामुळे ती तपासायचीही सोय नसते. वर आपण हवामान खात्याची जी झडती घेतली, ती त्यांनीच आकडे आणि शक्यता दिल्या म्हणून घेता आली.

अंदाज कशाचा आहे, हेही रुंदीइतकंच महत्त्वाचं. ९६ हा आकडा काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या चार महिन्यांच्या बेरजेचा. सगळ्या देशाचा पाऊस वर्षागणिक सरासरीच्या दहाएक टक्के वर-खाली होतो, कारण एकीकडची तूट दुसरीकडची अतिवृष्टी भरून काढते. जागा आणि काळ जितके लहान, तितकी ही भरपाई कमी आणि पट्टा रुंद. २०२३ मध्ये हंगाम ९४ टक्क्यांवर संपला, अंदाज बरोबर ठरला. पण त्यातला ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, तूट ३६ टक्के. ज्याच्या सोयाबीनला शेंगा धरायच्या होत्या त्याला ९४ चा काय उपयोग?

दिल्लीतच पाहा. २८ जून २०२४ च्या पहाटे मान्सूनच्या पहिल्याच सरीनं शहराची दाणादाण उडवली. सफदरजंगला २४ तासांत २२८.१ मिलिमीटर, १९३६ नंतर जून महिन्यातला सर्वांत मोठा आकडा. विमानतळाच्या टर्मिनल एकचं छत कोसळलं ते त्याच पहाटे. लोदी रोडला, म्हणजे खुद्द खात्याच्या दारात, १९२.८. रिजवर १५०.४. पालमला १०६.६. आणि शहराच्या दक्षिण टोकाला आयानगरला ६६.३. एकच ढगफळी, एकच शहर, आणि एका पर्जन्यमापकात दुसऱ्याच्या साडेतीन पट पाणी. 'दिल्लीत उद्या किती पाऊस?' या प्रश्नाला एक आकडा हे उत्तरच नव्हे, मग तो देणारं प्रारूप कितीही भारी असो.

रोजच्या अंदाजासाठी आता रिग्रेशनवर कोणी थांबत नाही. शेजारी नोएडाच्या सेक्टर ६२ मध्ये राष्ट्रीय मध्यम अवधी हवामान अंदाज केंद्र आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेलं हे केंद्र; देशातला पहिला क्रे महासंगणक याच कामासाठी आला. आज तिथे एकाच दिवसाचा अंदाज किंचित वेगवेगळ्या सुरुवातींपासून वीस-पंचवीस वेळा चालवतात. सगळी उत्तरं जवळपास आली तर खात्री जास्त, पांगली तर कमी. अनिश्चितता समीकरणातून काढण्याऐवजी ती अशी करून पाहतात.

पण सगळ्यांचं एकमत झालं म्हणजे ते खरं ठरतंच असं नाही. सगळे मिळूनही चुकतात. जून २०२१ मध्ये मान्सून दिल्लीत १५ जूनच्या सुमारास, म्हणजे नेहमीच्या २७ तारखेच्या बारा दिवस आधी येईल असं सांगितलं गेलं. नंतर तारखा पुढे पुढे जात राहिल्या. ढग आले, ऊन पडलं, पुन्हा ढग आले. पाऊस पोहोचला १३ जुलैला, २००२ नंतरचा सगळ्यांत उशिरा. पश्चिमेकडचे कोरडे वारे हटतील असं प्रारूपांना वाटत राहिलं आणि ते हटले नाहीत. वीस जण एकाच पुस्तकातून अभ्यास करून आले, तर पुस्तकातली चूक वीसही उत्तरपत्रिकांत उतरते.

तेव्हा अंदाज वाचणाऱ्यानं विचारायचं ते 'किती पडेल' असं नाही. आपलं नुकसान कुठल्या आकड्याखाली सुरू होतं ते आधी ठरवावं आणि त्याच्या खाली जाण्याची शक्यता किती, ते विचारावं. २०२३ च्या तक्त्यात ९० च्या खाली जाण्याची शक्यता २२ टक्के होती. सगळ्या वर्षांचा इतिहास पाहिला तर ती एरवी १६ टक्क्यांच्या आसपास असते. चारा साठवणाऱ्यानं, पीकविमा काढायचा की नाही या विचारात असलेल्यानं, धरणातलं पाणी एप्रिलमध्ये सोडायचं की राखायचं हे ठरवणाऱ्यानं वाचायचं ते हे सोळाचे बावीस होणं. ९६ या आकड्यातून ते कधीच दिसलं नसतं.

२०२४ मध्ये एप्रिलचा अंदाज १०६ होता, पाऊस १०८ पडला. २०२५ मध्ये अंदाज १०५, पाऊस पुन्हा १०८. आधीचं २०२३ धरलं तर सलग तीन वर्षं अंदाज ±५ मध्ये बसला आहे. नवी पद्धत खरोखर सुधारलेली असू शकते. पण खरी शक्यता निम्मी असली तरी सलग तीन वर्षं अंदाज बसणं आठात एकदा निव्वळ योगायोगानं घडतं. तेव्हा निकाल द्यायला अजून सात-आठ पावसाळे लागतील. तोवर मी एप्रिलचा आकडा ±५ ऐवजी ±७ धरून वाचणार आहे. तुम्हीही तसंच वाचा, आणि पत्रक हाती आलं की आधी खालचा पाच गटांचा तक्ता पाहा.